आकडा वाढला, म्हणून गुन्हे वाढले का?

27 मे 2021 रोजी राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी उठवली. निर्णयामागची कारणे सांगताना सरकारने जी माहिती दिली, तिच्यातला गुन्ह्यांचा आकडा सगळ्यात जास्त गाजला. बंदीआधीच्या पाच वर्षांत, 2010 ते 2014 या काळात, जिल्ह्यात दारूसंबंधीचे सुमारे 16 हजार गुन्हे नोंदले गेले होते. बंदीनंतरच्या पाच वर्षांत ही संख्या 40 हजारांच्या वर गेली. गुन्ह्यांत सापडलेल्या महिलांची संख्याही दुपटीहून जास्त झाली आणि दारूच्या वाहतुकीत लहान मुले पकडली गेली. गुन्हे कमी व्हावेत म्हणून बंदी केली, गुन्हे वाढले, मग बंदी हवी कशाला, असा हा हिशेब. ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला कसा जातो हे ज्याला ठाऊक आहे, तो इथे थोडा थांबेल.

ठाण्यात दोन वाटांनी गुन्हा येतो. घरफोडी झाली, मारामारी झाली, खून झाला की कोणीतरी तक्रार घेऊन येते आणि पोलीस ती लिहून घेतात. असे गुन्हे वाढले तर समाजात काहीतरी बिघडले, असे म्हणायला आधार असतो. दुसरी वाट वेगळी आहे. जुगार, अवैध दारू, गांजा यांत विकणारा आणि घेणारा दोघेही राजीखुशीने व्यवहार करतात. तक्रार करायला कोणी येत नाही. तिथे पोलिसांनाच जावे लागते. खबर मिळते, छापा पडतो, पंचनामा होतो, तेव्हा कुठे एक गुन्हा नोंदला जातो. पोलीस जितके छापे घालतील तितके गुन्हे वाढतील आणि ते घरी बसले तर आकडा शून्यावरही येईल. देशाच्या गुन्हेगारीचा वार्षिक अहवाल काढणारी राष्ट्रीय गुन्हे नोंद संस्था दंड संहितेखालचे गुन्हे आणि विशेष व स्थानिक कायद्यांखालचे गुन्हे वेगवेगळे दाखवते.

चंद्रपुरात तर आणखी एक गोष्ट घडली. 31 मार्च 2015 पर्यंत परवानाधारक दुकानातून एक पव्वा विकणे हा धंदा होता. 1 एप्रिलपासून तोच पव्वा विकणे गुन्हा झाला. कायद्याची रेषा सरकली की तिच्या पलीकडे सापडणारी माणसे वाढणारच. आणि आधीचे 16 हजार गुन्हेही विसरून चालत नाहीत. गल्लोगल्ली देशीची दुकाने आणि बार उघडे असताना वर्षाला सरासरी तीन हजारांवर गुन्हे अवैध दारूचे होतेच. अवैध धंदा बंदीमुळे जन्माला आला, हे म्हणणे त्याच आकड्यांत टिकत नाही.

महाराष्ट्रात ‘दारूबंदी’ म्हणजे नेमके काय, हेही समजून घ्यायला हवे. आपल्याकडे आजही 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. पूर्वी त्याला मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. कायद्याच्या नजरेत दारू मुळातच निषिद्ध आहे. बनवणे, विकणे, बाळगणे, पिणे हे सारे परवान्याने मिळालेली सवलत आहे. त्यामुळे एखादा जिल्हा कोरडा करायला नवा कायदा लागत नाही. त्या जिल्ह्यातले परवाने रद्द केले, नूतनीकरण थांबवले की काम झाले. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या सेवाग्रामचा मान म्हणून 1975 पासून बंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपूरच्या बंदीची तारीख 1 एप्रिल होती, कारण परवान्यांचे वर्ष त्या दिवशी सुरू होते. म्हणजे बंदीचा कागदोपत्री भाग एका सहीचा आहे. पुढचा भाग रोजचा आहे, रात्रीचा आहे, नदीच्या पुलावरचा आणि जंगलातल्या पायवाटेवरचा आहे. चंद्रपूरच्या सहा वर्षांत जे चुकले, ते या दुसऱ्या भागात चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही बंदी कोणा मंत्र्याच्या डोक्यातून आली नव्हती. ती बायकांनी मागून घेतली होती. चंद्रपूर हा कोळशाचा, सिमेंटचा, विजेचा आणि बल्लारपूरच्या कागदाचा जिल्हा. घुग्गुस, राजुरा, गडचांदूर, माजरी या पट्ट्यात पगाराचा दिवस आणि दारूच्या दुकानाची गर्दी यांचे नाते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दुसरीकडे मूल, सावली, सिंदेवाही, नागभीडकडे धानशेतीची आणि मजुरीची गावे; तिथे हाती येणारा पैसाच थोडा, आणि तो घरी पोचण्याआधी वाटेत दुकान. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार या संघटनेने ही मागणी उचलली. डिसेंबर 2010 मध्ये हजारो महिला चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी चालत गेल्या. 1942 च्या ऑगस्ट क्रांतीतले हेच ते चिमूर. जिल्ह्यातल्या साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनेही बंदीच्या बाजूने कौल दिला. तरी निर्णय व्हायला 20 जानेवारी 2015 उजाडला. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार हेच जिल्ह्याचे पालकमंत्री होते. तिजोरी सांभाळणाऱ्या मंत्र्याने आपल्याच जिल्ह्याचा दारूचा महसूल सोडला, ही त्या निर्णयातली मोठी गोष्ट होती.

1 एप्रिल 2015 नंतर वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली असे एकमेकांना लागून असलेले तीन जिल्हे कोरडे झाले. नकाशावर हे भक्कम दिसते. जमिनीवर मात्र चंद्रपूरला बहुतेक बाजूंनी उघड्या सीमा आहेत. पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातले वणी. उत्तरेला नागपूर जिल्ह्यातले भिवापूर आणि उमरेड, ईशान्येला भंडारा, दक्षिणेला तेलंगणा. नदीच्या या काठावर बंदी आणि त्या काठावर दुकान, अशी स्थिती. सीमेपलीकडच्या दुकानांची विक्री वाढली आणि यवतमाळातल्या महिलांनी ‘स्वामिनी’ या नावाने आपल्याही जिल्ह्यात बंदी मागायला सुरुवात केली. शेजारच्या जिल्ह्यांनी सीमेजवळची दुकाने मागे घ्यावीत, तिथल्या विक्रीवर वेगळी नजर ठेवावी, ही साधी मागणी होती. बंदी एका जिल्ह्याची आणि उत्पादन शुल्काचे उत्पन्न मात्र साऱ्या राज्याचे, अशा रचनेत ती मागणी नेटाने पुढे जाणे कठीणच होते.

मग तस्करी सुरू झाली. दुचाकीच्या डिक्कीतून, कारच्या सीटखालून, भाजीच्या आणि दुधाच्या गाड्यांतून पेट्या येऊ लागल्या. पव्वा दुप्पट-तिप्पट भावाने जाऊ लागला. भाव जितका चढा तितका धोका पत्करणारा माणूस सापडतो. आणि शाळकरी मुलाच्या दप्तराकडे पोलीस बघणार नाही, हा हिशेब धंदेवाल्याने लवकर केला. बनावट दारूही आली. ही वस्तुस्थिती आहे. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती लपवू नये, कारण ती सोसली त्याच गावांनी ज्यांनी बंदी मागितली होती.

पोलिसांनीही सोसले. नोव्हेंबर 2018 मध्ये नागभीड ठाण्याचे उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना दारूची वाहतूक करणाऱ्या गाडीने चिरडले. पाठलाग करताना, कर्तव्यावर असताना त्यांचा जीव गेला. 40 हजारांच्या आकड्यावर बोलताना त्यामागे अशी रात्र आणि अशी माणसे होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पण त्या 40 हजार गुन्ह्यांचे पुढे काय होत होते? छाप्यात माल पकडला की दोन पंचांसमोर पंचनामा होतो. बाटल्यांतला नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल यायला वेळ लागतो. आरोपी जामिनावर सुटतो, बहुधा लगेच. खटला उभा राहीपर्यंत पंच फितूर होतात, कारण त्यांना त्याच गावात राहायचे असते. पकडलेला माणूस बहुतेक वेळा दोन पिशव्या वाहणारा मजूर, एखादी विधवा, एखादा पोरगा असतो. पेटी पाठवणारा सीमेपलीकडे असतो, त्याचे नाव प्रथम खबरीत येतच नाही. चाळीस हजार वेळा हे घडले तरी धंद्याचे मूळ हलत नाही. महिला आणि मुले गुन्ह्यांत का सापडली, याचे उत्तर इथे आहे. पकडायला सोपा तो पकडला गेला.

खरे तर सरकारच्या हातात याहून धारदार हत्यारे होती. एमपीडीए या नावाने ओळखला जाणारा 1981 चा कायदा झोपडपट्टीदादांसोबत हातभट्टीवाल्यांसाठीही केलेला आहे; त्याखाली सराईत धंदेवाल्याला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येते. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली तडीपारी आहे. दारूबंदी कायद्यातच चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्याची तरतूद आहे. 2016 च्या अखेरीस विधिमंडळाने दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलाला कायदेशीर आधार दिला. गावातल्याच लोकांनी अवैध दारूची खबर द्यायची आणि यंत्रणेने तिच्यावर कारवाई करायची, अशी ती कल्पना. ही सारी हत्यारे मोठ्या मालकांविरुद्ध सातत्याने, वर्षानुवर्षे चालवण्यासाठी स्वतंत्र मनुष्यबळ आणि वेगळा निधी लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे मुख्य काम महसूल गोळा करण्याचे. कोरड्या जिल्ह्यात त्या विभागाचे पाय आधीच जड असतात. ओझे पडले ते ठाण्यांवर, आणि ठाण्याला बंदोबस्त, निवडणूक, अपघात, वाघाच्या हल्ल्यानंतरचा जमाव, सगळेच पाहायचे असते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बंदीच्या आधी आणि बंदीला वर्ष झाल्यावर चंद्रपूर जिल्ह्यात नमुना पाहणी केली. दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 37 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर आल्याचे तिच्यात दिसले. शंभरातले दहा पुरुष. दारू पूर्ण संपली नाही, हे खरे. पण दहा घरांतल्या बायका-मुलांच्या बाजूने पाहिले तर ही घट लहान नाही. एखाद्या सरकारी उपायाने एका वर्षात इतका फरक पडला तर आरोग्याच्या कोणत्याही दुसऱ्या कार्यक्रमात त्याचे कौतुक झाले असते.

हा फरक गुन्ह्यांच्या आकड्यात का दिसला नाही? कारण तो तिथे कधी नव्हताच. नवरा पिऊन येतो, मारतो, भांडी फेकतो, मुलीच्या फीचे पैसे काढून घेतो. यातले ठाण्यात जाते काय? बाई गेलीच तर बहुधा अदखलपात्र म्हणून नोंद होते, समज देऊन नवऱ्याला सोडतात, आणि घरी गेल्यावर तो पुन्हा मारतो. बहुतेक जणी जातच नाहीत. घरातला मार दहा टक्क्यांनी कमी झाला तरी ठाण्याच्या वहीत त्याची एक ओळही कमी होत नाही, कारण ती ओळ आधीच लिहिलेली नसते. बंदीचे नुकसान वहीत उतरले आणि बंदीचा फायदा वहीच्या बाहेर राहिला. अशा वहीवरून निकाल लावला तर तो आधीच ठरल्यासारखा लागतो.

निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने 2021 च्या सुरुवातीला अहवाल दिला. बंदीविषयी अडीच लाखांहून अधिक निवेदने आली आणि त्यांतली बहुसंख्य बंदी उठवा असे सांगणारी होती. तेव्हाचे पालकमंत्री विजय वडेट्टीवार यांची भूमिकाही तीच होती. सहा वर्षांत दोन-अडीच हजार कोटी रुपयांचा महसूल बुडाला, हेही कारण पुढे आले. जुलै 2021 मध्ये दुकाने उघडली. मला या साऱ्यात एक गोष्ट खटकते आणि ती बोलून दाखवली पाहिजे: ज्या अहवालावर एका जिल्ह्याच्या सगळ्या बायकांच्या घरातली शांतता अवलंबून होती, त्याच्या चर्चेत घरगुती मारहाणीचे, पगार घरी पोचण्याचे, मुलांच्या शाळेचे मोजमाप जवळजवळ ऐकूच आले नाही. महसूल पैपैने मोजला गेला.

चंद्रपूरहून मूल, सावलीमार्गे गडचिरोलीकडे निघाले की व्याहाडनंतर वैनगंगेचा पूल लागतो. पलीकडे गडचिरोली, 1982 मध्ये चंद्रपुरातूनच वेगळा झालेला जिल्हा. इथली बंदी आज तीस वर्षांहून जुनी आहे. ‘सर्च’ने आंदोलनाच्या काळात काढलेला हिशेब असा होता, की जिल्ह्यातले लोक वर्षाला सुमारे 20 कोटी रुपये दारूवर घालवतात आणि जिल्ह्याच्या विकासासाठी सरकारकडून येतात सुमारे 14 कोटी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, आदिवासी गावे, तरुण, महिला यांनी काही वर्षे लढून 1993 मध्ये बंदी मिळवली.

गडचिरोलीत दारू मिळत नाही का? मिळते. छत्तीसगड आणि तेलंगणा लागूनच आहेत, आणि 2021 पासून तर वैनगंगेच्या पलीकडे पुन्हा दुकाने आहेत. जंगलात मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले वेचणे हा इथल्या घरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे; मोह हे खाद्यही आहे, देवाचा नैवेद्यही. घरच्या कार्यापुरती गाळलेली दारू आणि विकण्यासाठी ड्रमभर लावलेला सडवा यांत गावकरी स्वतःच फरक करतात, आणि कारवाई करणाऱ्यानेही तो करायला हवा. पण दुसऱ्या जिल्ह्यात जी गोष्ट झाली नाही, ती इथे झाली. 2016 मध्ये राज्य शासन, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम सुरू केला. दारू आणि तंबाखू दोन्ही कमी करायचे आणि त्यासाठी चार बाजूंनी काम करायचे: लोकजागृती, गावाची संघटना, कायद्याची अंमलबजावणी, आणि व्यसनी माणसावर उपचार.

यातली चौथी बाजू बहुतेक सरकारी बंद्यांत नसतेच. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर त्याचे हात थरथरतात, झोप उडते, झटके येतात, भास होतात. क्वचित जीवही जातो. असा माणूस काहीही करून, कितीही पैसे देऊन दारू मिळवणारच. तस्कराचे सगळ्यात भरवशाचे गिऱ्हाईक तोच असतो. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात, गावातल्या शिबिरात औषध आणि समुपदेशन मिळाले तर धंद्याची मागणीच घटते. छापा पुरवठ्यावर चालतो, उपचार मागणीवर. दोन्ही एकाच वेळी चालले तरच भाव चढण्याचे आणि तस्करी वाढण्याचे चक्र थांबते. म्हणून मुक्तिपथने तालुका पातळीवर व्यसन उपचाराची क्लिनिक सुरू केली, गावोगावी शिबिरे घेतली.

दुसरी बाजू गावाच्या संघटनेची. गडचिरोलीचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीतला आहे, तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे आणि मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार तो ग्रामसभेला देतो. गाव ठराव करते, विक्रेत्याला नोटीस देते, न ऐकल्यास महिला आणि पोलीस मिळून सडवा ओतून देतात. इथे साक्षीदार फितूर होण्याची भीती कमी असते, कारण कारवाई साऱ्या गावाची असते. शेकडो गावांनी अशी विक्री बंद केली. काही गावांत ती पुन्हा सुरू झाली, मग पुन्हा बैठक, पुन्हा ठराव. हे काम असेच असते.

बिहारने 2016 मध्ये साऱ्या राज्यात बंदी केली, तिचे दोन्ही चेहरे आपल्यासमोर आहेत. पिणाऱ्यालाच तुरुंगात टाकणाऱ्या कठोर तरतुदींमुळे न्यायालये जामिनाच्या अर्जांनी भरली, तेव्हा 2022 मध्ये पहिल्यांदा सापडलेल्याला दंडावर सोडण्याची सोय करावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरात सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरहून अधिक माणसे गेली. आणि 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या दक्षिण-पूर्व आशियाविषयक नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे, बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिणाऱ्यांत सुमारे 24 लाखांची घट आणि जोडीदाराच्या हिंसेच्या सुमारे 21 लाख घटना टळल्याचा अंदाज दिला. घरोघरी जाऊन बायकांना विचारले म्हणून हे दिसले. ठाण्यातून दिसले नसते. विषारी दारूचे बळी हे फक्त बंदीचे फळ, असेही नाही. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली, तेव्हा मुंबईत रस्तोरस्ती परवान्याची दुकाने उघडी होती.

गडचिरोलीची बंदी उठवावी, अशी मागणी अधूनमधून होते आणि पुढेही होईल. त्या वेळी सरकारने समिती नेमण्याआधी तीन गोष्टी मोजाव्यात: किती पुरुष पितात, किती बायकांना घरात मार बसतो, आणि घरातल्या कमाईतला किती पैसा दारूत जातो. दर दोन वर्षांनी, स्वतंत्र संस्थेकडून, दारू मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या दोन्ही जिल्ह्यांत. हा खर्च एका दुकानाच्या वर्षभराच्या महसुलाइतकाही नसेल.

चंद्रपूरच्या बायकांच्या हातात आज एक साधन उरले आहे आणि ते माहीत असावे म्हणून इथे सांगतो. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा शहरातल्या प्रभागातल्या एकूण मतदारांपैकी, अथवा नुसत्या महिला मतदारांपैकी, 25 टक्के जणांनी सह्या करून दुकान बंद करण्याची मागणी केली तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते पडली तर दुकान बंद होते. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मते पुरत नाहीत, म्हणून कामाला, माहेरी किंवा बाहेरगावी गेलेली प्रत्येक बाई त्या दिवशी उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. अर्ज जिल्हाधिकारी किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांकडे करायचा असतो. सह्या गोळा करताना मतदार यादीतला क्रमांक प्रत्येक नावापुढे लिहा, मतदानाची तारीख कळताच परगावच्या बायकांना निरोप धाडा, आणि त्या दिवशी शेजारणीला सोबत घेऊनच केंद्रावर जा.